रातांब्याच्या झाडांतील फरक नोंदवून मातृवृक्ष कसा निवडावा

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातील जुन्या बागांमध्ये रातांब्याची, म्हणजेच कोकमाची, बहुतेक झाडे बियांपासून वाढलेली असतात. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांची फळेही आकार, रंग, सालीची जाडी आणि आंबटपणा या बाबतींत एकमेकांशी जुळतीलच असे नाही. यांतील चांगले झाड हेरून त्याची कलमे करायची असतील, तर निदान दोन-तीन हंगाम शिस्तीने नोंदी ठेवाव्या लागतात.

पहिले काम म्हणजे झाड नेमके कोणत्या जातीचे आहे, हे ठरवणे. गार्सिनिया या वंशात कोकमाची अनेक भावंडे आहेत. गार्सिनिया इंडिका म्हणजे आपला रातांबा. त्याचे फळ गुळगुळीत, गोल आणि पिकल्यावर लाल ते जांभळे होणारे असते. केरळात माशांच्या कालवणात पडणाऱ्या कुडमपुळीचे, म्हणजे गार्सिनिया गुम्मी-गुट्टाचे, फळ पिवळसर असून त्यावर भोपळ्यासारख्या उभ्या खाचा असतात. केवळ रंगावरून मात्र निर्णय घेऊ नये, कारण कर्नाटकात शिरसीच्या परिसरात रातांब्याचाच फिकट पिवळ्या फळांचा प्रकार आढळतो. याच वंशातील मँगोस्टीनचे बी परागणाशिवाय, मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार होत असल्यामुळे त्याची रोपे आईसारखीच निपजतात. रातांब्याच्या रोपांबाबत तसा भरवसा धरता येत नाही.

दुसरे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, फुलोऱ्याच्या वेळी करावे. काही झाडांवर फक्त नर फुले येतात, काहींवर मादी, तर काहींवर मिश्र. झुपक्याने आलेल्या नर फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांचा दाट गोळा दिसतो. मादी फुलात तेथे हिरवा, गोलसर अंडाशय असतो. प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन ही नोंद तेव्हाच करून ठेवावी, कारण फळ न धरणारे झाड नर आहे की केवळ अशक्त आहे, हे मे महिन्यात सांगता येत नाही.

फळे पिकू लागली की प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंची, सारख्याच पक्वतेची निदान 10 फळे घ्यावीत आणि जमिनीवर पडलेली वगळावीत. फळांचे एकूण वजन करून ती फोडावीत, साल आणि बिया वेगळ्या कराव्यात, सालीचे वजन करावे, तिची जाडी कॅलिपरने मोजावी आणि बिया मोजाव्यात. समजा, 10 फळे 350 ग्रॅम भरली आणि त्यांची साल 175 ग्रॅम निघाली, तर सालीचे प्रमाण 50 टक्के झाले. आमसुले आणि आगळ सालीपासून होतात, म्हणून फळाच्या नुसत्या वजनापेक्षा हा आकडा अधिक मोलाचा आहे. सालीचा रंगही नोंदवावा. मात्र तो दरवर्षी एकाच वेळी, एकाच प्रकाशात आणि शक्यतो एकाच माणसाने पाहावा.

मोठ्या फळाचा मोह सर्वांनाच पडतो. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र पहिली व शेवटची तोडणी कधी झाली, याचा आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की झाडावरची फळे सडू लागतात आणि साल वाळवायला ऊनही मिळत नाही. तेव्हा जूनच्या मध्यावर पिकणारे भले मोठे फळ आमसुलांच्या फारसे उपयोगी पडत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये प्रसारित केलेल्या कोकण अमृता या जातीचे फळ मध्यम, साधारण 35 ग्रॅमचे असते, पण ते पावसाआधी हाती येते हा तिचा मोठा गुण आहे. याच विद्यापीठाची कोकण हातीस ही जात त्याहून कितीतरी मोठ्या फळांसाठी ओळखली जाते.

दिसणारा प्रत्येक फरक आनुवंशिक नसतो. शेणखताच्या खड्ड्याजवळचे किंवा पाटाच्या पाण्यावरचे झाड कातळावरच्या झाडापेक्षा भारी फळे देणारच. म्हणून झाडाचे अंदाजे वय, जमीन, सावली आणि पाणी यांचीही नोंद असावी. सलग दोन-तीन हंगाम जे झाड लवकर पिकते आणि सालीचे प्रमाण टिकवून धरते, त्याची थोडी कलमे करून ती इतर निवडक झाडांच्या कलमांशेजारी एकाच जमिनीत लावावीत. तेथेही फरक कायम राहिला, तर तो झाडाच्या मूळ गुणांतून आलेला आहे असे मानायला हरकत नाही.

मृदुकाष्ठ कलमासाठी, म्हणजे रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर निवडलेल्या झाडाची काडी बसवून केलेल्या कलमासाठी, काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याचीच निवडावी. आडव्या फांदीच्या काडीचे कलम आडवेच पसरत जाते आणि त्याला झाडाचा नेहमीचा उभा घाट येत नाही. निवडलेले झाड निव्वळ मादी असेल, तर परागणासाठी बागेत मधूनमधून काही नर झाडेही राखावीत.