जुन्या बोटीची तडकलेली खिडकी बदलताना

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या फायबर बोटींच्या खिडक्या बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात. जाळीसारखे बारीक तडे किंवा स्क्रूभोवती चिरा दिसल्या, की पॉलिशवर वेळ घालवू नका. खिडकी बदला, आणि तेही मे महिन्याच्या आत. पावसाळ्यात ओल आत शिरली की काम दुप्पट होतं.

आधी आतली पट्टी आणि स्क्रू काढा. जुनं सीलंट (फट बुजवणारा चिकट थर) पातळ पुट्टीच्या पत्र्याने चौफेर कापा. पहार घालून उचकटलंत तर फायबरचा थर सोलून निघेल. खिडकी निघाल्यावर भोकाच्या कडेतलं लाकूड टोच्याने तपासा. मऊ लागलं तर ते कोरून काढा, पूर्ण वाळू द्या आणि घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा. गळक्या खिडकीमुळेच हे लाकूड कुजतं. ते तसंच ठेवून वर नवी खिडकी बसवण्यात अर्थ नाही.

माप जुन्या तुकड्यावरून घेऊ नका, तो वाकलेला असतो. बोटीवरच पुठ्ठा धरून नमुना काढा. शीट कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या अ‍ॅक्रिलिकचीच घ्या. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे ती मिळते. जाडी जुन्याइतकी ठेवा. संरक्षक कागद न काढता बारीक दातांच्या ब्लेडने, जिगसॉ हळू चालवून कापा. वेग वाढला की प्लॅस्टिक वितळून कापामागे पुन्हा चिकटतं. कडा कानशीने आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कारण तडा कडेवरच्या ओरखड्यातूनच सुरू होतो.

आता मुख्य गोष्ट. अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं: ६०० मिमीचा तुकडा ५० अंशांच्या फरकाला सुमारे २ मिमी वाढतो. फायबरग्लास त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढतं. नाशिकची जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातलं तापलेलं छत यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून ४ मिमीच्या स्क्रूला शीटमध्ये ६ मिमीचं भोक पाडा, ड्रिल करताना खाली लाकडी फळी ठेवा. स्क्रू डोक्याची खालची बाजू सपाट असलेले, स्टेनलेसचे, वायसरसह वापरा. खड्ड्यात बसणारे शंकूच्या डोक्याचे स्क्रू पाचरीसारखे रुततात आणि शीट फोडतात.

बसवण्याच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावलंत तर नव्या शीटवर लगेच बारीक तडे पडतील. कडेला ३ मिमी जाड रबराचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे शीट दाबली तरी सीलंटचा थर टिकेल. सीलंट म्हणून न्यूट्रल सिलिकॉन भरपूर लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला गंजवतं. स्क्रू हातानेच, समोरासमोरचे आळीपाळीने फिरवा आणि सगळीकडून सीलंट सारखं बाहेर आलं की थांबा. नंतर पुन्हा आवळू नका, नाहीतर वाळलेला थर सुटतो.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात वेळ जास्त लागतो. बोट आठवडाभर हलवू नका. मग पाइपने पाणी खालच्या कडेपासून सोडत हळूहळू वर जा. आत वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून एक जण बसवा. पहिली ओली झालेली पट्टी गळतीची जागा दाखवते.