पेनड्राइव्ह कपाटात ठेवून निश्चिंत होताय? या चुका टाळा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही फोनवर रेकॉर्ड केल्या, पेनड्राइव्हवर घेतल्या आणि नागपुरात महाल भागातल्या घरी, माडीवरच्या लोखंडी कपाटात तिच्या लुगड्यांच्या घडीत ठेवून दिल्या. सहा उन्हाळे उलटल्यावर तो बाहेर काढला. अकराही फाइलींची नावं दिसली, उघडल्या मात्र सातच.

नावं दिसली की सगळं शाबूत आहे, ही पहिली चुकीची समजूत. नाव आणि आकार यांची यादी पेनड्राइव्हवर वेगळ्या जागी असते. यादी वाचता आली तरी आतला आवाज वाचता येईलच असं नाही. म्हणून फाइल शेवटपर्यंत ऐका, नुसती यादी पाहू नका.

पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यात कोंडलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू गळतो. एसएलसी चिपमध्ये एका कप्प्यात १ बिट असतो, त्यामुळे भाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या असतात. टीएलसीत ३ बिट, म्हणजे ८ पातळ्या. क्यूएलसीत ४ बिट, म्हणजे तब्बल १६. पातळ्या इतक्या जवळजवळ आल्या की थोड्याशा गळतीनेही वाचन चुकतं. काही चुका कंट्रोलर, म्हणजे पेनड्राइव्हमधली वाचन-लेखन सांभाळणारी चिप, आपणहून दुरुस्त करतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

गळती सगळ्यात जास्त वाढवते ती उष्णता, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. नवतपात स्लॅबखालची माडी रात्रीसुद्धा गार होत नाही. एसएसडी म्हणजे कॉम्प्युटरमधली फ्लॅश मेमरीचीच ड्राइव्ह. तिच्यासाठी जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक सांगतं की घरगुती ड्राइव्हची लिहिण्याची क्षमता संपल्यावरही, वीज नसताना ३० अंशांवर १ वर्ष डेटा टिकायला हवा. सर्व्हरच्या ड्राइव्हसाठी ४० अंशांवर ३ महिने. कमी वापरलेली ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकते, तेव्हा घाबरू नका. पण हे मानक पेनड्राइव्हचं नाही. म्हणून पेनड्राइव्ह तळमजल्यावरच्या गार खोलीत ठेवा. झेरॉक्सच्या दुकानांतून वर्षानुवर्षं फिरलेला जुना पेनड्राइव्ह तर आठवणींसाठी वापरूच नका.

‘वर्षातून एकदा पाच मिनिटं लावला की चार्ज होतो’ हेही मी खूपदा ऐकलंय. नुसता लावल्याने जुना भार ताजा होईल याची खात्री नाही. सगळं कॉम्प्युटरवर उतरवा, तपासा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि पुन्हा लिहा. तपासणीसाठी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा जणू अंगठ्याचा ठसा, काढून वहीत लिहून ठेवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल (certutil) या आज्ञेने तो निघतो. पुढच्या वेळी आकडा जुळला तर फाइल जशीच्या तशी आहे. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे असू द्या.

आणि फाइल उघडलीच नाही तर? विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारतं, तिथे ‘हो’ म्हणू नका. दुरुस्तीची आज्ञाही आधी देऊ नका, कारण ती ड्राइव्हवर लिहिते. कॉपी एका जागी अडखळली तर बहुधा कंट्रोलर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचत असतो. घाईने उपटू नका. आधी लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू (ddrescue) या बिघडलेल्या ड्राइव्हमधून माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण ड्राइव्हची प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. आम्हाला अशाने आणखी दोन फाइली मिळाल्या. उरलेल्या दोन गेल्याच.

आता आमच्याकडे वर्षातून दोनदा तपासणी होते: होळीला, ऊन तापायच्या आधी, आणि तान्ह्या पोळ्याला, उन्हाळा सरल्यावर. त्या दिवशी नऊही ओव्या घरात पूर्ण ऐकल्या जातात.