घर भाड्याने देताय? आधी शेजाऱ्याबद्दल सांगा

सांगलीत विश्रामबागेतल्या वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून मी रंग काढला, गिझर बसवला, गळका नळ बदलला. खालच्या शेजाऱ्याबद्दल सांगायचं तेवढं राहिलं. राहिलं कसलं, भाडेकरू हातचा जाईल म्हणून जीभच उचलली नाही.

भाडेकरू म्हणजे मिरजेत नर्स असलेल्या एक ताई आणि त्यांची आई. ताईंची आठवड्यातून तीन-चार वेळा नाईट. शेजारी प्यायला की रात्री साडेअकराला वर येऊन "गाडी काढा" म्हणत दार बडवतो, गाडी आपल्या जागेत असली तरी. दुसऱ्या महिन्याचं भाडं घ्यायला गेलो तर दाराला आतून टेकवायची खुर्ची बाजूलाच ठेवलेली, वर पितळी कळशी. "दार ढकललं तर वाजेल म्हणून," आजी म्हणाल्या. "काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

होतं. आधीचं कुटुंबही त्याच पायी गेलं होतं. डिपॉझिट परत केलं, सामानाच्या टेम्पोचे पैसेही मीच दिले.

तेव्हा तयारी करताना पहिलं काम शेजाऱ्याचं. एका कागदावर लिहून काढा: काय होतं, किती वाजता, महिन्यातून किती वेळा, तुम्ही काय केलंत, ११२ ला फोन किंवा ठाण्यात तक्रार केली असेल तर तारीख. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. 'दारुडा', 'भांडकुदळ' असली विशेषणं नकोत, कागद फिरत फिरत त्याच्याच हातात पडला तर अब्रुनुकसानीचं लचांड तुमच्या गळ्यात. शेजाऱ्याची जात, त्याच्या घरात काय शिजतं, हा त्रास नव्हे, ते लिहूही नका आणि बोलूही नका. आधीचे भाडेकरू का गेले, हे मात्र लिहा. एजंट म्हणेल, "कशाला काका, गिऱ्हाईक पळेल." पळू दे. टोकन घेण्याआधी पळालेलं बरं.

टोकन घेण्याआधी, हं. सही झाल्यावर चहा पिताना "खालचे जरा तसे आहेत" म्हणणं म्हणजे सांगणं नव्हे.

कायदा विचाराल तर त्यात 'शेजारी' असा शब्द नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यासाठी आणि त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५७ मध्ये लायसन्ससाठी (म्हणजे भाडेपट्टा न करता नुसती वापरायची परवानगी) दोष उघड करण्याचं बंधन आहे, पण ते मिळकतीच्या दोषाचं. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. भाडेकरूने सरळ विचारलं आणि तुम्ही "एकदम शांत एरिया" म्हणून ठोकून दिलंत, तर ते गप्प राहणं उरत नाही, फसवणूक ठरू शकते, आणि १८७२ च्या करार कायद्यानुसार अशा फसवणुकीवर झालेला करार समोरच्याला रद्द करता येतो. आमच्या ताईंनी विचारलं नव्हतं. आजींनी विचारलं, पण तेव्हा कळशी खुर्चीवर चढली होती.

घर दाखवायची वेळही नीट निवडा. रविवारी सकाळी अकराला आमची गल्ली देवळासारखी शांत. रात्री दहानंतर एकदा बोलवा. आणि कामाच्या वेळा विचारा. रात्रपाळीवाल्याला शेजारचा दिवसभर चालणारा ग्राइंडर छळेल, ऑफिसवाल्याला तो कळणारही नाही.

बाकीचं पटापट. करार लेखी आणि नोंदणीकृतच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची, चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात. नदीकडच्या भागात घर असेल तर २०१९ च्या पुरात पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते सांगा. पार्किंगची जागा चुन्याने आखून द्या, आमच्याकडे निम्मं भांडण तिथूनच सुरू व्हायचं. नळाची वेळ, मीटरचा फोटो, किल्ल्या.

शेजाऱ्याचा कागद लिहिला? त्यावर भाडेकरूची 'वाचलं' म्हणून सही? झेरॉक्स? मग घ्या टोकन.