गडकिल्ल्यांच्या ब्लॉगला फुकटात वाचक कसे मिळवायचे

रविवारी गड चढायचा, आठवडाभर रात्री जागून त्यावर लिहायचं, तीसेक फोटो टाकायचे आणि मग फेसबुकवर "नवीन पोस्ट, नक्की वाचा" म्हणून लिंक सोडून द्यायची.. बहुतेक ट्रेकवाले ब्लॉगर हेच करतात, आणि मग मित्रमंडळींचे लाईक येतात ज्यातल्या निम्म्यांनी लिंक उघडलेली पण नसते. जाहिरातीला पैसे घालायची गरज नाही, निदान ट्रेकच्या ब्लॉगला तरी नाही. कारण लोक रोज विचारतच असतात हो, कुठून जायचं, किती वेळ लागतो, वर पाणी आहे का, फक्त ते तुमच्या ब्लॉगवर येऊन विचारत नाहीत, दुसरीकडे विचारतात. तिथे उत्तर घेऊन जायचं. लिहायला जेवढा वेळ देता तेवढाच वेळ या कामाला द्यायची तयारी असेल तर पुढचं वाचा.

आधी लिंक नीट करा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ब्लॉगरवर (म्हणजे गूगलच्या ब्लॉगस्पॉटवर) शीर्षक पूर्ण देवनागरीत दिलं की पोस्टचा पत्ता नुसता "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे एखादा आकडा असा बनतो, त्यावरून लोहगड की लोणचं काही कळत नाही. वर्डप्रेसवर उलटी तऱ्हा, तिथे पत्ता देवनागरीतच बनतो आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची चार ओळींची माळ होते, ती बघून माणूस व्हायरस समजतो. दोन्हीकडे उपाय एकच, पब्लिश करायच्या आधी पर्मालिंक (म्हणजे पोस्टचा हाच पत्ता) हाताने रोमन अक्षरात लिहायची, छोटी, गडाचं नाव आणि एखादा शब्द बास. जुन्या पोस्टींचे पत्ते मात्र उगाच बदलत बसू नका, बदललेच तर सेटिंगमधे रीडायरेक्ट टाका, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर जातो, नाहीतर आधी शेअर झालेल्या सगळ्या लिंक मरतात.

दुसरं म्हणजे प्रीव्ह्यू. व्हॉट्सॲप-फेसबुकवर लिंकसोबत फोटो दिसला तर लोक थांबतात, नाहीतर अंगठा पुढे सरकतो. पोस्टचा मुख्य फोटो आडवा ठेवा, १२०० बाय ६३० पिक्सेलच्या आसपास, आणि फाईल हलकी. फेसबुकवर जुनाच फोटो दिसत राहिला तर त्यांचं शेअरिंग डीबगर नावाचं फुकट टूल आहे, त्यात लिंक टाकून परत स्क्रेप केलं, म्हणजे फेसबुकला पान पुन्हा वाचायला लावलं, की सुधारतं.

आता शीर्षक. "सह्याद्रीच्या कुशीत एक अविस्मरणीय दिवस" असलं शीर्षक गूगलवर कोण शोधणार? माणूस शोधतो "पुण्याहून लोहगडला लोकलने कसं जायचं". मग पोस्टच्या पहिल्या दोन परिच्छेदातच सरळ सांगून टाका की लोणावळ्याची लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, वाटेत भाजे लेणी लागतात. पहाटेचं धुकं आणि चहा नंतर येऊ दे, तुमचं ललित वाचणारा वाचणारच आहे. आणि कितीतरी लोक मराठीच शोधतात पण टाईप रोमन लिपीत करतात, शेवटी "इन मराठी" जोडून. त्यांच्यासाठी गडाचं नाव रोमनमधे पत्त्यात आणि फोटोच्या वर्णनात असलं तर बरं.

लोक नक्की काय शोधतात हे कळायला गूगल सर्च कन्सोल लावा, फुकट आहे. साइटमॅप (ब्लॉगवरच्या सगळ्या पानांची यादी) एकदा जोडला की थोड्या दिवसांनी परफॉर्मन्समधे दिसायला लागतं की कुठल्या शब्दांवर तुमची पोस्ट गूगलने दाखवली आणि कितीजणांनी दाबली, मागचा १६ महिन्यांचा हिशोब मिळतो. त्यात इम्प्रेशन (किती वेळा दिसली) भरपूर पण क्लिक जवळपास नाहीत आणि गूगलच्या निकालातला सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या मधे, असे शब्द शोधा. सगळ्यात सोपी कमाई तिथे आहे. समजा तुमची हरिश्चंद्रगडाची पोस्ट "खिरेश्वर की पाचनई" या शोधावर मागे कुठेतरी दिसतीये, आणि पोस्टमधे तुम्ही फक्त पाचनईबद्दल लिहिलंय. मग चार ओळी वाढवा, पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून टोलारखिंडीतून लांब पडतं, नळीच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. बरेचदा नवीन पोस्ट लिहिण्यापेक्षा असं जुन्या पोस्टला ठिगळ लावलेलं जास्त वाचक आणतं, पण ते कंटाळवाणं काम आहे म्हणून कोणी करत नाही.

मग येतं बाहेर जाणं. फेसबुकवरचे ट्रेकिंगचे ग्रुप, प्रश्नोत्तरांचं मराठी क्वोरा, आणि मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या साइट, मायबोली (१९९६ पासून चालू आहे, तिथे भटकंतीवर भरभरून लिहिणारी आणि तितकीच बारकाईने वाचणारी मंडळी आहेत), मिसळपाव. सगळीकडे नियम एकच, नुसती लिंक टाकून पळायचं नाही. कोणी विचारलं की "आठ वर्षांच्या मुलीला घेऊन राजगड झेपेल का" तर तिथेच पूर्ण उत्तर द्या, पालीकडून राजमार्गाने जा, गुंजवण्याच्या चोर दरवाज्याची वाट लहानांना घेऊन नको, पाणी-खाऊ किती घ्यायचा, आणि शेवटी "वाटेचे फोटो इथे टाकलेत" म्हणून लिंक. लिंक उघडली नाही तरी त्याचं काम झालं पाहिजे असं उत्तर. लिंक बघितली की ॲडमिन भडकतात असे पण ग्रुप आहेत, तिथे आधी महिनाभर नुसती उत्तरं द्या, लोक प्रोफाईलवर जाऊन शोधतात. "तुम्ही माझा ब्लॉग फॉलो करा मी तुमचा करतो" वाले ग्रुप असतात त्यांच्या नादी लागू नका, तिथे सगळे लिहिणारेच, वाचणारं कुत्रं नसतं. आणि प्लीज, पन्नासजणांना टॅग करणं बंद करा.

व्हॉट्सॲपचं जरा वेगळं आहे. आपल्याकडे चांगला मजकूर नाव कापून फॉरवर्ड होतो, खाली "आवडलं म्हणून शेअर केलं" एवढंच. यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा फॉरवर्ड व्हावी अशी एक वस्तूच बनवा, म्हणजे हाताने काढलेला वाटेचा नकाशा, किंवा "लोहगड-विसापूर एका दिवसात" असा एका चित्रात मावणारा बेत, लोकलने कधी निघायचं, कुठे जेवायचं, परत कधी फिरायचं, आणि चित्राच्या मधोमध पुसट अक्षरात ब्लॉगचं नाव. कोपऱ्यात टाकाल तर क्रॉप करतात! एकावेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करता येतं आणि खूप फिरलेला मेसेज तर एकाच चॅटला, त्यामुळे माणूस विचार करून पाठवतो, कामाचं चित्र असेल तरच पाठवतो. ब्रॉडकास्ट लिस्टचा भरवसा धरू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती जाते आणि २५६ ची मर्यादा आहे. त्यापेक्षा व्हॉट्सॲप चॅनल काढा, सप्टेंबर २०२३ पासून भारतात मिळतंय, त्यात तुमचा नंबर फॉलोअर्सना दिसत नाही आणि गुड मॉर्निंगची फुलं पण येत नाहीत.

एक मार्ग फार कमी लोक वापरतात. पायथ्याच्या गावात जेवणाची, मुक्कामाची सोय करणारे जे असतात त्यांना रोज तेच फोन, कसं यायचं, गाडी कुठे लावायची, वर किती वेळ लागतो. तुमच्या पोस्टमधे ही उत्तरं नीट लिहा, त्यांना विचारून त्यांचा नंबर टाका, आणि ती लिंक त्यांना पाठवून सांगा की दादा, आता कोणी विचारलं की हे पाठवत जा. त्यांचा वेळ वाचतो आणि तुम्हाला असा वाचक मिळतो जो येत्या रविवारी खरंच तिथे निघालाय. ट्रेक नेणाऱ्या छोट्या ग्रुपना पण हेच चालतं.

वेळेचं गणित सांभाळा. काजवे मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, मग पावसाळी ट्रेक, मग ऑगस्टच्या शेवटापासून कासची फुलं. काजव्यांची पोस्ट काजवे बघून आल्यावर जूनमधे टाकली तर पुढच्या वर्षीच कामाला येणार, म्हणून मागच्या वर्षीचीच पोस्ट एप्रिलमधे काढा, रस्ता, फी, बंदीचे नियम ताजे करा आणि परत शेअर करा. प्रत्येक वर्षी नवीन पत्त्याची नवीन पोस्ट काढू नका, तीच पोस्ट मोठी होऊ द्या. आणि बातमी आली तर त्याच दिवशी हलायचं. जुलै २०२५ मधे युनेस्कोने मराठा लष्करी स्थळं म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड-प्रतापगड सगळ्यांना माहीत, पण खांदेरीला बोट कुठून, सुवर्णदुर्गला हर्णैहून कसं जायचं, साल्हेर नक्की कुठे, हे प्रश्न अशा वेळी अचानक वाढतात आणि ज्याची पोस्ट आधीपासून तयार आहे त्याचं फावतं. त्या बाराही किल्ल्यांची एक यादी करून तिथून आपल्या जुन्या पोस्टींना जोडून घ्यायचं, एका संध्याकाळचं काम आहे.

फोटो चांगले असतील तर थोडे विकिमिडिया कॉमन्सवर द्या, नाव देऊन वापरायच्या परवान्याखाली. कमी फोटो असलेल्या आडवाटेच्या गडाचा फोटो लोक हमखास उचलतात, आणि नियमाने नाव द्यावं लागतं, सगळे देत नाहीत पण काही देतात.

एवढं करून आलेला वाचक परत कसा येणार हे पण बघा, कारण ब्लॉग एका जागी वाचायचं गूगल रीडर २०१३ ला गेलं, फेसबुकसारखं गूगल प्लस २०१९ ला, नवीन पोस्ट वाचकांना ईमेलने पाठवायची फीडबर्नरची सोय २०२१ ला, आणि त्यावर जमवलेले वाचक त्यांच्याबरोबर गेले. त्यामुळे पोस्टच्या शेवटी ईमेलचा साधा डबा ठेवाच, महिन्याला एक पत्र, "या महिन्यात कुठे जाल" एवढंच. यादीची फाईल अधूनमधून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

आणि मोजायचं असेल तर प्रत्येक ठिकाणी टाकायच्या लिंकला वेगळा यूटीएम टॅग (वाचक कुठून आला हे सांगणारी लिंकच्या शेवटची खूण) लावा, कारण व्हॉट्सॲपवरून आलेले बरेचसे लोक ॲनालिटिक्समधे (वाचक मोजायच्या टूलमधे) नुसते "डायरेक्ट" म्हणून दिसतात आणि आपल्याला वाटतं लोक पत्ता पाठ करून येतायत. तीन महिन्यांनी उघडून बघा, जिथून कोणी येत नाही तिथे जाणं बंद करा, सर्चचे आकडे हलायला मात्र त्याहून जास्त वेळ लागू शकतो, तेवढा द्या.