गणपतीत सोसायटीची विनोदी एकांकिका

३० मिनिटांच्या एकांकिकेला पाचच पात्रं ठेवा. लोकलने उशिरा घरी पोचणाऱ्यांच्या तालमी जुळवताना सहावं जड जातं. जागा एक, गैरसमज एक. तो पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांना कळावा, पात्रांना नाही. धक्का वाक्याच्या शेवटी हवा: ‘टाकीत सासूबाईंचा मोबाईल पडलाय’पेक्षा ‘टाकीत पडलाय तो मोबाईल सासूबाईंचा’ जास्त हसवतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते हशाच्या वेळी. नट पुढचं वाक्य हशात बुडवतात, नाहीतर पुतळ्यासारखे थांबतात. हशा ओसरू लागला की बोला; तोवर हातातलं काम, चहा गाळणं, इस्त्री, चालू ठेवा. तालमीत कुणी हसत नाही म्हणून संवाद बदलू नका, शेवटच्या दोन तालमींना शेजाऱ्यांना प्रेक्षक म्हणून बसवा.

ध्वनिक्षेपक एरवी रात्री १० ला बंद होतो, तेव्हा प्रयोग ९ लाच सुरू करा.