लेहमध्ये डोकं धरलं तर: हॉल ऑफ फेम कधी बघावं, पुढचा बेत कसा बदलावा

मुंबई-पुण्याहून विमानाने निघालेला माणूस काही तासांत ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला पोचतो. विरळ हवेचा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे उतरल्या उतरल्या अंगात उत्साह असतो. लष्कराचं युद्ध संग्रहालय, हॉल ऑफ फेम, विमानतळाजवळच असल्याने 'आत्ताच उरकून घेऊ' असं ठरतं आणि रात्री डोकं ठणकायला लागतं. पहिला दिवस फक्त झोपण्याचा आणि हळू चालण्याचा. सैन्यातल्या धडधाकट जवानांनासुद्धा या उंचीवर कामाला लागण्याआधी सहा दिवस शरीर रुळवायला देतात, त्यातले पहिले दोन जवळपास पूर्ण विश्रांतीचे. आपण तर सुट्टीला आलेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखतंय, मळमळतंय, न्याहारी जात नाही, असं असेल तर सकाळचं फिरणं रद्द. पॅरासिटामॉल घ्या, तहानेप्रमाणे पाणी प्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बाजारातल्या ऑक्सिजनच्या छोट्या डब्यावर विसंबू नका: मिनिटाला दोन लिटर घेतला तर दहा लिटरचा डबा पाच मिनिटांत संपतो. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटं चोळून गरम करा आणि नेलपॉलिश काढा, नाहीतर आकडा उगाच कमी दिसतो. लेहमध्ये पहिल्या दिवसांत तो ८५ ते ९० दाखवला म्हणून घाबरायचं कारण नाही. माणूस कसा दिसतो, कसा चालतो, ते जास्त महत्त्वाचं.

एका गोळीने डोकं उतरलं, पोटात अन्न टिकलं आणि टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं न डगमगता टाकता आली, तर दुपारनंतर संग्रहालयाला जायला हरकत नाही. टॅक्सी फाटकापर्यंत न्या. जेवणाच्या वेळेत ते बंद असतं, ती वेळ टाळा. उन्हात ताटकळावं लागलं की डोकं पुन्हा धरतं. आधी तळमजला बघा, मग बसा, जिना शेवटी आणि मध्ये थांबत. सियाचीनच्या जवानांचे जाड थरांचे कपडे आणि बूट निवांत उभं राहून बघण्यासारखे आहेत, त्यासाठी श्वास शिल्लक ठेवा. संध्याकाळचा उघड्यावरचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम मात्र सोडा, थंडीने त्रास वाढतो.

खरा बदल पुढच्या मुक्कामात करायचा. पँगाँग तलावाचा काठ ४,२०० मीटरच्या वर आहे. डोकेदुखी असताना तिथे रात्र काढणं ही सगळ्यांत मोठी चूक, ते बुकिंग दोन दिवस पुढे ढकला किंवा सोडून द्या. नुब्राचं खोरं लेहपेक्षा खाली आहे म्हणून पुष्कळजण तिकडे वळतात, पण वाटेत पाच हजार मीटरच्या वरचा खारदुंगला ओलांडावा लागतो आणि त्रास वाढला तर परतीची वाटही त्याच खिंडीतून. त्यापेक्षा सिंधूच्या कडेने अल्ची गावाला जा: सुमारे ६५ किलोमीटर, उंची ३,१०० च्या आसपास, वाटेत मोठी खिंड नाही.

पूर्ण बरं वाटल्यावर, पँगाँगऐवजी कारगिल हा चांगला पर्याय आहे. वाटेत ४,१०८ मीटरची 'फोटू ला' ही खिंड लागते, म्हणून लक्षणं असताना निघू नका. पण कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या जरा खालीच पडतो. तिथून द्रास साधारण ६० किलोमीटर. तोलोलिंग शिखराच्या पायथ्याचं कारगिल युद्ध स्मारक सकाळी निघून बघता येतं.

बसल्या जागी धाप लागणं, खोकला, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर बेताचा विचार सोडून रात्री असलं तरी लेहचं एसएनएम रुग्णालय गाठा. 'सकाळपर्यंत बघू' म्हणण्यात जीव जातो. खाली पाठवायचं ठरलं तर लेहची बहुतेक विमानं सकाळीच सुटतात, म्हणजे दुपारी सुचलेलं तिकीट दुसऱ्या दिवसाचं मिळतं. तोवर ऑक्सिजन चालू राहायला हवा. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, त्यातला एक फोन आजारी माणसाच्या खोलीत.