केंद्रयोग, प्रतियोग, षडाष्टक: स्वभाव सांगण्याआधी या चुका टाळा

"माझा रवि-शुक्र केंद्रयोग आहे, म्हणून माझं कुणाशी पटत नाही," असं एकीने मला अगदी ठामपणे सांगितलं होतं. पण हा योग कुणाच्याच कुंडलीत होत नाही. शुक्र रवीपासून फार तर 48 अंश दूर जातो, बुध 28 अंशांच्या आतच घुटमळतो. केंद्रयोगाला दोन ग्रहांत 90 अंशांचं अंतर लागतं. तिची कुंडली हाताने उतरवताना शुक्र एक घर पुढे पडला होता, इतकंच. आणि त्या एका घरापायी तिने स्वतःला भांडखोर ठरवून टाकलं होतं! रवि-बुध किंवा रवि-शुक्राचा केंद्र वा प्रतियोग (180 अंश) दिसला, की फळ बघू नका, कुंडली पुन्हा मांडा.

राशी मोजताना सुरुवातीची रासही धरायची असते. मेषेपासून चौथी कर्क, म्हणजे केंद्र. सहावी कन्या किंवा आठवी वृश्चिक, षडाष्टक. सातवी तूळ, प्रतियोग. मेष सोडून मोजलंत, की चौथी सिंह येते आणि चांगल्या नवपंचमाला (पाचवी किंवा नववी रास, 120 अंश) केंद्रयोग समजून माणूस काळजीत पडतो.

खरी गंमत अंशांत आहे, एक रास 30 अंशांची. चंद्र मेषेत 29 अंशांवर, मंगळ कर्केत 2 अंशांवर. राशींवरून केंद्र, पण अंतर फक्त 63 अंश, म्हणजे अंशात्मक लाभयोग (60 अंशांच्या आसपासचा शुभ योग)! उलट चंद्र मेषेत 28 आणि शनी सिंहेत 1 अंशावर असेल, तर राशींवरून नवपंचम, प्रत्यक्षात 93 अंश. अशा वेळी नुसत्या राशींवरून स्वभाव सांगणारा नेमकं उलटं सांगतो. चंद्र दिवसाला साधारण 13 अंश चालतो, त्यामुळे जन्मवेळेत सकाळ-संध्याकाळचा घोळ झाला तरी अंशात्मक योग मोडतो.

रवि-चंद्रापुरती पडताळणी सोपी आहे, पंचांग उघडा. एक तिथी 12 अंशांची. शुक्ल अष्टमीच्या बरोबर मध्यावर 90 अंश होतात, पौर्णिमा संपते तेव्हा 180. जन्मतिथी पंचमी आणि कुंडलीत रवि-चंद्र प्रतियोग, असं असूच शकत नाही.

राहू-केतू तर सगळ्यांचेच समोरासमोर असतात. 2012 ते 2015 या काळातल्या हर्षल (युरेनस)-प्लुटो केंद्रयोगाचंही तेच, तेव्हा जन्मलेल्या असंख्य मुलांच्या कुंडलीत तो आहे. त्यावरून एकट्या मुलाला बंडखोर म्हणण्यात काय अर्थ?

योग खरा निघाला, तरी "अग्नी आणि जल, म्हणजे वैर" एवढ्यावर थांबू नये. केंद्रातल्या राशींचं तत्त्व (अग्नी, पृथ्वी, वायू, जल) वेगळं असतं, पण चर, स्थिर, द्विस्वभाव ही जात एकच असते. ओढाताण तिथूनच येते. मेष आणि कर्क दोन्ही चर, दोघींनाही पुढाकार हवा: एक अंगावर धावून जाणार, दुसरी आपल्या माणसांना पाठीशी घालणार. एकाच माणसात हे दोन्ही असलं, की तो आधी ताडकन बोलतो आणि मग रात्रभर समोरच्याच्या मनाची काळजी करत बसतो. वृषभ-सिंह दोन्ही स्थिर. तिथे हट्टाशी हट्टाची गाठ. षडाष्टकात मात्र तत्त्वही वेगळं, जातही वेगळी. तरी मेष-वृश्चिक हे प्रीतिषडाष्टक, कारण दोघींचा स्वामी मंगळच.

दोन पद्धतींची खिचडी करू नका. पाश्चात्त्य पद्धतीत 90 अंश त्रासाचे. आपल्याकडे चंद्राच्या केंद्रात गुरू आला की गजकेसरी हा शुभ योग म्हणून कौतुक. एकाच गुरूला सकाळी दोष आणि संध्याकाळी योग म्हणता येणार नाही. सायन (पाश्चात्त्यांच्या, ऋतूंवर बेतलेल्या) आणि निरयन (आपल्या, ताऱ्यांवर बेतलेल्या) राशींतही सुमारे 24 अंशांचा फरक आहे. एक ग्रह इथला आणि एक तिथला घेतला, तर कोनच खोटा.

शेवटची चूक सांगणाऱ्याची. "तुमच्या मनात सतत द्वंद्व चालतं" हे कुणाला पटणार नाही? 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभावाचं एकच वर्णन दिलं. त्यांनी अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. म्हणून मी योगाचं वर्णन लिहिलं, की तो योग नसलेल्या कुणाला तरी आधी वाचायला देतो. त्यालाही ते आपलंच वाटलं, तर कागद फाडतो.